विषय : आवाजाबाबत

दर रविवारी संध्याकाळी परदेशातून मुलाचा फोन येतो, आणि वरच्या बाई तो तिसऱ्या घंटीला उचलतात. पहिल्या घंटीला उचलला तर त्याला वाटायचं, आई फोनजवळच बसून होती. आता आई फोनजवळच बसून असते हे खरं, पण खरं असलं म्हणून ते सगळ्यांना कळायलाच हवं असं थोडंच आहे?

फोनवर चार वाक्यं होतात. जेवलास का, थंडी आहे का, तब्येत बरी ना, ठेवते. गेली तीन वर्षं हीच चार, ह्याच क्रमानं. पण त्या रविवारी तिसरं संपून चौथं तोंडात आलं होतं, तेवढ्यात मुलगा म्हणाला, "आई, थांब. मी काम केलेला सिनेमा तुमच्याकडे लागलाय. मोटारींच्या शर्यतीचा. दोन ड्रायव्हर होते, एकमेकांना पाण्यात पाहणारे. खरी घडलेली गोष्ट आहे. बघ तू."

"मला मेलीला काय कळतंय मोटारीतलं."

"बघू नकोस, ऐक. त्यात आपल्या घरातला एक आवाज आहे. कुठला ते ओळख."

"माझ्या घरात कुठले आलेत आवाज? माणूस एक आणि भिंती चार, त्याही मुक्या."

"आहे एक. ओळखलास तर सांग. मी आपण होऊन सांगणार नाही."

आणि 'ठेवते' म्हणायच्या आत त्यानंच ठेवला!

बाईंना वरच्या बाई म्हणतात ते त्या तिसऱ्या मजल्यावर राहतात म्हणून. स्वभावामुळेही म्हणत असतील, पण बाईंच्या तोंडावर तसं म्हणणारा अजून जन्माला यायचाय. शाळा तिसरीत सुटली. कान मात्र त्यांचे पदवीधर. जिन्यात पाऊल वाजलं की कोण, कुठून आलं आणि कुणाशी भांडून आलं हे त्या आतून सांगायच्या. अशा बाईला पोटच्या पोरानं आवाजाचं कोडं घालावं म्हणजे सुताराला खिळा ओळखायला सांगण्यासारखंच झालं.

पण गोष्ट एवढीच नव्हती.

मुलगा जे काम करतो त्याला फोली म्हणतात. सिनेमातले लोक चालतात, बसतात, दारं लावतात, त्यांचे आवाज म्हणे नंतर एका खोलीत बसून तयार करतात. कुणी बूट वाजवायचे, कुणी पिशव्या चुरगाळायच्या. बाईंच्या यजमानांनी हे नाव पहिल्यांदा ऐकलं तेव्हा ते म्हणाले होते, "फोली नाही, फोल. फोल काम." घरात तेच नाव पडलं. मग यजमान गेले. मुलगा पंधरा दिवसांसाठी आला आणि हातात उंदरासारखा केसाळ माईक घेऊन घरभर फिरायला लागला. नळाजवळ धर, खिडकीजवळ धर. बाईंचं डोकं तेव्हा ठिकाणावर नव्हतं. त्या ओरडल्या, "बाप जाऊन आठवडा नाही झाला आणि तू दारं वाजवत हिंडतोस? असल्या फोल कामानं कुणाचं भलं झालंय रे आजपर्यंत?" मुलानं माईक पिशवीत घातला, आणि चार दिवस आधीच निघून गेला.

तेव्हापासून ती चार वाक्यं. त्यामुळे हे कोडं म्हणजे तीन वर्षांतलं पाचवं वाक्य होतं, आणि त्याचं उत्तर चुकलं तर सहावं येईलच ह्याची कुणी खात्री दिलेली नव्हती.

सोमवारी बाई कामाला लागल्या. घरातल्या प्रत्येक वस्तूजवळ जाऊन तिला वाजवून बघितलं. यादी केली. अक्षर त्यांचं त्यांनाच लागतं, म्हणजे यादी चोरीला जायचं भय नाही. टपटपणारा नळ, कुरकुरणारी खुर्ची, पंखा, न्हाणीघराची कडी, दांडा मोडलेली किटली, असे सोळा आवाज निघाले. शेजारच्या नर्सबाई रात्रपाळी करून आल्या तर वरच्या बाई आपल्याच दाराला कान लावून उभ्या.

"अहो, कोण आहे आत?"

"कुणी नाही. म्हणून तर ऐकू येतंय."

नर्सबाईंना सगळं सांगावंच लागलं, कारण तिकीट फोनवरून काढतात आणि ते त्यांना येतं. मंगळवारच्या दुपारच्या खेळाचं तिकीट निघालं. बाई ठेवणीतली शाल घेऊन, यादी पर्समध्ये घालून, अर्धा तास आधी थिएटरवर हजर. खिडकीतली मुलगी नखं रंगवत होती. ती म्हणाली, "शो रद्द."

"का म्हणून?"

"एकच तिकीट गेलंय."

"एक गेलंय ना? मग ते माझं आहे. मी आलेय."

"दहा तरी लागतात आजी."

आजी म्हटल्यावर बाई थेट मॅनेजरच्या खोलीत. मॅनेजर हा टेबलामागे बसण्यासाठीच घडवलेला माणूस होता. टेबल काढून घेतलं असतं तर तो कोसळलाच असता. त्यानं नियम सांगितला. दहापेक्षा कमी प्रेक्षकांसाठी मशीन सुरू करता येत नाही. गुरुवारी हा सिनेमा उतरणार, त्याच्या जागी भुतांचा येणार. बुधवारी दहा माणसं आणलीत तर खेळ होईल, पण एकानंच आणलेली मंडळी म्हणजे खास खेळ, आणि खास खेळाला लेखी अर्ज लागतो. कारण नमूद करून.

"सिनेमा बघायला कारण लागतं?"

"नियम आहे बाई. मी तरी काय करू?"

ह्या वाक्यावर जगातले सगळे मॅनेजर जगतात.

बाई घरी आल्या आणि जिना उतरून माणसं गोळा करायला लागल्या. आयुष्यात त्यांनी कुणाच्या दारात जाऊन काही मागितलेलं नाही. त्यामुळे त्यांनी मागितलं नाही, कळवलं. "उद्या सिनेमाला यायचंय. माझ्या मुलाचं काम आहे त्यात." तळमजल्यावरच्या शिंप्यानं तोंडातल्या टाचण्या काढल्या.

"काय सांगता! हिरो का?"

"चेहरा दिसत नाही त्याचा."

"हां हां. हेल्मेट असणार." शिंप्यानं आपणच उत्तर देऊन टाकलं आणि बाईंनी त्याला अडवलं नाही. त्यांनी खोटं काही सांगितलं नाही, फक्त खरं होतं ते अर्ध्यावर ठेवलं. जिना चढून त्या वर येईपर्यंत मुलगा शर्यतीत गाडी हाकत होता, आणि संध्याकाळी टायपिंगचा क्लास चालवणाऱ्या दोघी बहिणी विचारायला आल्या की त्याला फार लागलं तर नाही ना.

मोजदाद अशी झाली : स्वतः बाई, नर्सबाई, त्यांचे यजमान, शिंपी, शिंपीण, शिंप्याची सासू, दोघी टायपिंगवाल्या आणि कोपऱ्यावरचा कुलूपवाला. नऊ. इमारतीत दहावं माणूस एकच मोकळं होतं, आणि त्या माणसाशी बाई वीस वर्षं बोलत नव्हत्या.

ते म्हणजे खालचे हेडक्लार्क.

बरोबर बाईंच्या खालच्या खोल्यांत राहतात. निवृत्त होऊन जमाना झाला, बायको जाऊन त्याहून जास्त, पण अजून बोलतात ते फायलीत लावण्यासारखं. भांडण कपाटावरून. बाईंच्या झोपायच्या खोलीत एक लोखंडी कपाट आहे. हेडक्लार्क म्हणायचे, ते कपाट पहाटे पाचला असं वाजतं की त्यांच्या छताचा पोपडा पडतो. बाई म्हणायच्या, माझ्या कपाटाला आवाजच नाही. हेडक्लार्कांनी सोसायटीला अकरा अर्ज केले. बाईंनी अकराही वेळा तोंडी उत्तर दिलं, कान तपासून घ्या. तेव्हापासून रोज पहाटे पाचला बाई कपाट उघडत, आणि खालून काठीनं छताला ठक ठक ठक होई. मग बाई कपाट बंद करत. इमारतीतले लोक त्यावर घड्याळ लावायचे.

हेडक्लार्कांनी दार उघडलं, चष्मा लावला, काढला आणि म्हणाले, "विषय?"

बाईंनी विषय सांगितला. वीस वर्षांतलं पहिलं वाक्य आणि तेही विनंतीचं. जीभ अशी जड झाली की जणू दुसऱ्याची उसनी आणली होती.

"येण्यास हरकत नाही," हेडक्लार्क म्हणाले. "परंतु एका अटीवर. कपाटाचा बंदोबस्त व्हावा."

"ज्याला आवाजच नाही त्याचा बंदोबस्त काय करायचा?"

"आवाज नसेल तर तेल घातल्यानं आपलं काही नुकसान नाही."

पेचात पकडणं म्हणतात ते हे. बाई 'नाही' म्हणाल्या असत्या तर आवाज आहे हे कबूल झालं असतं. त्यांनी मान वर केली आणि म्हणाल्या, "घाला खुशाल. एक डबा घाला."

बुधवारी सकाळी कुलूपवाला आला. मुठीची पट्टी काढली, आत तेल सोडलं, वंगण भरलं, मुठीला अडकवलेली पितळी कडी सैल होऊन लटकत होती ती चिमट्यानं तोडून टाकली. हेडक्लार्क खाली आपल्या खोलीत खुर्चीवर उभे राहून छताला कान लावून होते म्हणे. दहा वेळा उघडून-मिटून झाल्यावर खालून चिठ्ठी आली : 'समाधानकारक.'

आता अर्ज. बाईंनी तो स्वतः लिहिला होता. 'माझ्या मुलाने सिनेमात आमच्या घरातला आवाज घातला आहे. तो मला ऐकायचा आहे.' एवढाच. पण हेडक्लार्कांनी तो पाहिला आणि त्यांच्या कपाळावर आठ्या पडल्या. अर्जाला विषय नाही, संदर्भ नाही, 'सदर' तर एकदाही नाही! त्यांनी नवा कागद घेतला. वर लिहिलं, 'विषय : सिनेमातील आवाजाबाबत.' खाली एक पानभर मजकूर, आणि शेवटी, 'तरी सदर आवाजाची योग्य ती दखल घेण्यात यावी.' बाईंना त्यातलं एक अक्षर कळलं नाही. त्यावरून त्यांची खात्री पटली की अर्ज चांगला झालाय.

बुधवारी दुपारी दहा जण थिएटरात शिरले. तीनशे खुर्च्यांचं थिएटर. दहा माणसं म्हणजे रिकाम्या पिंपात टाकलेले दहा वाटाणे. कुठंही बसा म्हटलं तर हेडक्लार्क ऐकेनात. तिकिटावर नंबर आहे म्हणजे आहे. आणि तिकिटं नर्सबाईंनी ओळीनं काढलेली, त्यामुळे बाईंच्या शेजारी कोण, तर हेडक्लार्क, गुडघ्यांत काठी धरून. बाईंनी दुसऱ्या बाजूला बघितलं. तिथं शिंप्याची सासू.

"दोघांतला तुमचा कुठला?" सासूनं विचारलं. पडद्यावर एक लाल गाडी होती, एक निळी.

"जो जिंकेल तो," पलीकडून नर्सबाई म्हणाल्या.

गाड्या सुटल्या. चाकांतून धूर निघाला, लोकांनी तोंडं उघडली, झेंडे हलले, आणि आवाज? आवाज मुंगीच्या शिंकेएवढा. गाड्या अशा धावत होत्या की जणू शेजारच्या गावात धावताहेत. बाईंनी डोळे मिटून कानांत प्राण आणले, तरी फक्त सासूचा श्वास ऐकू येई.

त्या उठल्या आणि मॅनेजरच्या खोलीत गेल्या.

"आवाज का नाही?"

मॅनेजर खूश होऊन म्हणाला, "कमी झाला ना? तुमच्या अर्जाची दखल घेतली. सहसा आम्ही आवाजाच्या तक्रारीवरून कमी करत नाही, पण अर्ज इतका सुंदर होता."

"अहो, मला ऐकायला आवाज हवाय!"

"मग तसं लिहायचं. आता कमी केलेला वाढवायचा म्हणजे नवा अर्ज लागेल."

बाई तिथं काय काय बोलल्या ते इथं लिहिण्यासारखं नाही. मॅनेजरच्या घराण्यापासून सुरुवात झाली एवढं सांगितलं तरी पुरे. वीस मिनिटं गेली. आत गाड्या धावत होत्या, मुलाचा आवाज येऊन जात असेल किंवा गेलाही असेल, आणि बाई टेबलाच्या अलीकडे उभ्या. ज्यांना मसुदा येतो ते हेडक्लार्क आत झोपलेले. शेवटी त्यांनी तिकीट उलटं केलं, मॅनेजरचंच पेन ओढून घेतलं आणि तिसरी शिकलेल्या अक्षरांत लिहिलं, 'आवाज मोठा कर.' खाली सही केली. त्यांनी आयुष्यात पत्रं लिहिली ती एकाच माणसाला, त्यामुळे हाताला एकच सही ठाऊक होती. तीच पडली : 'आई.'

मॅनेजरनं तिकीट वाचलं. मग परत वाचलं. तो टेबलामागून उठला (कोसळला नाही) आणि स्वतः मशीनच्या खोलीकडे गेला.

बाई जागेवर येईपर्यंत आवाज असा फुटला की शिंप्याच्या सासूनं दोन्ही हातांनी खुर्ची धरली. लोकांत जीव आला. "ते बघा! काय वळवली गाडी बाईंच्या पोरानं!" शिंपी निळ्याच्या बाजूनं उभाच राहिला. टायपिंगवाल्या लाल गाडीच्या. त्यांचं म्हणणं, बाईंसारखी मान ताठ आहे ती लालवाल्याचीच. कुलूपवाला म्हणाला दोन्ही गाड्यांची दारं नीट बसत नाहीत. पडद्यावरचे दोघे वैरी एकमेकांशी एक शब्द बोलत नव्हते, पण गाडी सुरू करायच्या आधी दोघेही मान वळवून दुसरा आलाय का ते बघून घ्यायचे. आला नाही तर चेहरा पडायचा.

बाईंनी पडदा बघितलाच नाही. डोळे मिटून त्या यादी पडताळत होत्या. पाणी पडलं, आपला नळ नव्हे. खुर्ची सरकली; आपली अशी रडत नाही. पंखा नाही, कडी नाही, किटली नाही. सोळाच्या सोळा संपले. शेवटची शर्यत लागली, इंजिनं किंचाळायला लागली, आणि बाईंना पहिल्यांदाच भीती वाटली. रविवारी फोन येईल. जेवलास का, थंडी आहे का, तब्येत बरी ना. आणि मग तो थांबेल. वाट बघेल. आणि आपल्याला 'ठेवते' म्हणावं लागेल.

पडद्यावर एक हातमोजा घातलेला हात आला. त्यानं गियर पकडला आणि ओढला.

खडाक्... टिंग.

शेजारी हेडक्लार्क झोपेतून ताडकन उठले. त्यांनी काठीनं जमिनीवर ठक ठक ठक केलं आणि सगळ्या थिएटराला ऐकू जाईल असं ओरडले, "बाई! पाच वाजले का? अहो, बंद करा ते कपाट!"

सगळे वळून बघायला लागले. बाईंच्या अंगाचा तिळपापड झाला. "माझ्या कपाटाला," त्यांनी तोंड उघडलं, आणि पडद्यावरच्या हातानं पुन्हा गियर ओढला. खडाक्. आणि अर्ध्या क्षणानं, पितळी कडी मुठीवर आपटते तसं, टिंग.

वाक्य तिथंच राहिलं.

यजमानांची पहिली पाळी असायची. पहाटे पाचला बाई कपाट उघडून इस्त्रीचा शर्ट काढायच्या. मुलगा त्याच खोलीत पांघरुणात तोंड घालून झोपलेला असायचा. निदान बाईंना वाटायचं झोपलाय. यजमान गेले तरी हात पाचला उठायचे आणि मूठ ओढायचे. आत त्यांचे शर्ट आहेत अजून. काढायचा कुणासाठी नसतो, मग बंद करायचं. हा काय आवाज आहे का यादीत लिहायचा? माणूस आपला श्वास यादीत लिहितो का?

शेवटच्या शर्यतीत एकंदर बत्तीस वेळा कपाट उघडलं. बाईंनी मोजलं.

दिवे लागल्यावर शिंपी जरा हिरमुसून म्हणाला, "म्हणजे बाई, तुमचा मुलगा त्या गाडीत नव्हताच?"

"गाडीत नव्हता," बाई म्हणाल्या. "गियरमध्ये होता."

ते कुणालाच कळलं नाही, पण त्या ज्या थाटात म्हणाल्या त्यावरून हा हिरोच्या वरचा काहीतरी हुद्दा असावा असं सगळ्यांनी धरून चाललं.

घरी आल्यावर बाई शालसुद्धा न काढता कपाटासमोर गेल्या. मूठ धरली. ओढली. मूठ लोण्यातून फिरल्यासारखी फिरली. काही नाही. परत ओढली, झटका दिला, लाथ मारली. दार अदबीनं उघडलं, अदबीनं मिटलं. कुलूपवाला कामाचा चोख. ज्या आवाजासाठी दहा माणसं गोळा केली त्याच आवाजाला बाईंनी दहाव्या माणसापायी तेल पाजलं होतं.

गुरुवारी सिनेमा उतरला. पहाटे पाचला बाईंनी कपाट उघडलं तेव्हा घरात काहीच झालं नाही. खालून काठी आली नाही. त्या थोडा वेळ मुठीवर हात ठेवून उभ्या राहिल्या, मग बंद केलं. शुक्रवारी तसंच. एवढ्या शांततेत माणसाला आपण उठलोय की नाही ह्याचाच पत्ता लागत नाही.

शनिवारी जिन्यात हेडक्लार्क भेटले. दाढी वाढलेली, सदऱ्याची बटणं खालीवर.

"तीन दिवस साडेआठपर्यंत जाग येत नाही," ते म्हणाले. "शिवाय वर कुणी आहे किंवा कसे, हे कळण्यास मार्ग राहिलेला नाही."

"आहे की. मेले तर कळवीन."

"लेखी?"

बाई वर निघाल्या. पण चार पायऱ्या चढून थांबल्या, मागं न बघताच म्हणाल्या, "कपाटाला आवाज होता." आणि घरात जाऊन दार लावून घेतलं. वीस वर्षं अडवून धरलेलं वाक्य, त्याला बाहेर पडायला एवढासा वेळ लागला.

रविवार उजाडला. फोन यायचा संध्याकाळी, पण पहाटे पाचला बाई उठल्या, कपाटाजवळ खुर्ची ओढली (ती कुरकुरली, यादीतली नंबर दोन) आणि तीन वर्षांत पहिल्यांदा फोन त्यांनी लावला. तिकडं आदल्या दिवसाची संध्याकाळ असते एवढं त्यांना माहीत होतं. तिसऱ्या घंटीला उचलेल असं त्यांनी मनात धरलं होतं.

त्यानं पहिल्याच घंटीला उचलला.

"कपाट," बाई म्हणाल्या.

पलीकडे एक खुर्ची सरकली.

"ओळखलंस," मुलगा म्हणाला.

"मी नाही ओळखलं." हे सांगायचं नाही असं बाईंनी चार दिवस ठरवलं होतं. "खालच्या हेडक्लार्कांनी ओळखलं. झोपेत. मला वाटायचं त्याला आवाजच नाही."

मुलगा हसायला लागला. अगदी लहानपणी पांघरुणात हसायचा तसा. "आई, तेव्हा मी आलो होतो ना, तेव्हा पहाटे उठून घेतला होता. तुला वाटलं मी दारं वाजवतोय. बाबांचा शर्ट काढायची वेळ होती ती. दुसऱ्या कुठल्या मुठीला तसा येईचना."

"फोल म्हणाले होते मी तुला."

"फोलीच आहे ते, आई."

"तेच ते," बाई म्हणाल्या, आणि पदरानं फोन पुसला. फोन कोरडाच होता.

"एकदा वाजव ना. खरा ऐकव."

बाईंनी मूठ ओढली.

"काही येत नाहीये."

"तुझा फोन खराब असेल."

"आई."

"तेल घातलंय," बाई म्हणाल्या. "कडीपण गेली तुटून. गेला तो आवाज. तुझ्याकडे तेवढा आहे."

"थांब. धरून राहा."

तिकडं काहीतरी खुडबुडलं, बटणं वाजली. बाईंनी नर्सबाईंनी शिकवलेलं कर्ण्याचं बटण दाबलं, आवाज पार शेवटपर्यंत वाढवला आणि फोन कपाटाच्या मुठीवर धरला, कारण आवाज आला तर तिथूनच यायला हवा.

खडाक्... टिंग.

अंधाऱ्या खोलीत तो असा घुमला की बाईंचा हात सवयीनं शर्टाकडे गेला. "परत," त्या म्हणाल्या. परत झाला. खडाक्... टिंग.

आणि खालून, छताला, जोरात : ठक ठक ठक.

"आई, ते काय वाजलं?" मुलानं चटकन विचारलं.

"काही नाही. हेडक्लार्क उठले."

"ठेवू नकोस. हलूही नकोस. मी माईक लावतो. मी कपाट वाजवलं की फोन जमिनीकडं धर."

बाईंचे गुडघे आता जमिनीवर बसू देत नाहीत. तरी त्या बसल्या, एक हात कपाटाला टेकवून, आणि फोन फरशीवर पालथा धरून वाट बघू लागल्या.